टॉवेलाखालचा आकडा

खांद्यावरचा टॉवेल काढायचा, एकदा झटकायचा, समोरच्याच्या उजव्या हातावर टाकायचा आणि त्याखाली आपला हात सरकवून त्याची बोटं धरायची. काय चाललंय हे समोरच्याला कळेपर्यंत सगळं झालेलं असायचं. मग मामा मान दुसरीकडे वळवून फाउंड्रीच्या धुराड्याकडे बघत हळूच विचारायचे, "कळलं न्हवं?"

माझ्या बाबतीतही असंच झालं, आणि मला काहीही कळलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्लार्कच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात सर्टिफिकेटांची पिशवी, आणि राजारामपुरीतून सायकल मारत आल्यामुळे पाठ घामाने भिजलेली. फाउंड्रीच्या गेटला लागून टाइमकीपरची खोली होती. तिच्या खिडकीत हजेरीची कार्डं आणि ते कार्डावर टक्कन वेळ छापणारं घड्याळ. खिडकीखाली एक बाकडं. मुलाखतीला आलेल्यांनी तिथं बसायचं आणि बोलावणं येईपर्यंत पाय हलवत राहायचं.

खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. "पावणं, गाव कंचं?"

"राजारामपुरी."

"म्हंजे हितलंच की. मग एवढा घाम कशापायी? आत काय वाघ बसलाय व्हय?"

असं म्हणत ते बाहेर आले, माझ्याशेजारी बसले आणि टॉवेल माझ्या हातावर टाकला. टॉवेलाखाली त्यांनी माझी पाची बोटं एकदम धरली, सोडली, मग चारच धरली. मी घाबरून हात ओढून घेतला.

"अवो थांबा की! म्या काय ज्योतिषी हाय व्हय तुमचा हात बघायला? एक बोट म्हंजे शंभर. पंजा म्हंजे पाचशे. आता मोजा." पुन्हा पंजा, पुन्हा चार बोटं.

"नऊशे?" मी मोठ्यानं म्हणालो. त्यासरशी त्यांचा दुसरा हात माझ्या तोंडावर आला. "आकडा तोंडातनं काढायचा न्हाय! आत गेल्यावर काढा. हितं न्हाय."

नऊशे हा आधीच्या क्लार्कचा पगार होता. दर महिन्याला पगाराची पाकिटं मामांच्या खिडकीतून वाटली जायची, त्यामुळे कुणाला किती मिळतं हे त्यांना पाठ होतं. एकाचा पगार दुसऱ्याला सांगायचा नाही, अशी शपथ म्हाताऱ्या शेठनी त्यांना घातली होती, आणि ती त्यांनी अक्षरशः पाळली. "उद्या शेठनी अंबाबाईच्या देवळात नेऊन इचारलं तरी म्या सांगंन, तोंडातनं एक शबुद काढला न्हाय!"

मी घरातून ठरवून निघालो होतो की सहाशे सांगायचे, आणि शेठच्या कपाळावर आठी दिसली की पाचशेवर यायचं. शेठनी विचारलं, "किती अपेक्षा आहे?" मी म्हणालो, "नऊशे." आवाज माझा नव्हताच. शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून गेटकडे. तिथं टाइमकीपर मोठ्या भक्तिभावानं धुराडं न्याहाळत होते. शेठ गालातल्या गालात हसले. "साडेआठशे. एक तारखेपासून या."

पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मी खिडकीशी गेलो. तेव्हापासून ते माझे मामा झाले आणि मी त्यांचा भाचा. तसे ते सगळ्या फाउंड्रीचेच मामा होते, पण "भाच्या" म्हणून हाक मारायचे ती मलाच. ते नातं माझ्याकडून किती दिवस टिकलं, तेच पुढे सांगायचं आहे.

ही बोटांची विद्या त्यांच्या घरचीच होती. त्यांचे वडील वडगावच्या जनावरांच्या बाजारात हेडी होते, म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून बैलांचा सौदा जुळवून देणारे. त्या बाजारात भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली बोटं धरायची, दाबायची, नकार द्यायचा, पुन्हा धरायची. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक.

मी एकदा विचारलं, "एवढं लपवायचं कशाला, मामा?"

ते जरा वेळ घड्याळाला किल्ली देत राहिले. मग म्हणाले, "बैल इकायला आल्याला माणूस अडचणीतच असतोय, भाच्या. उघड्यावर भाव बोलला, अन् खाली उतराय लागलं, की त्येची अडचण समद्या बाजाराला दिसती. टॉवेल असला की त्येची त्येच्यापाशी ऱ्हाती. घेणाराबी मग माणसागत वागतो."

नोकरीला आलेला माणूसही त्यांच्या लेखी असाच होता. बाकड्यावर कुणी बसलं की त्यांना राहवत नसे. मोल्डर येवो, फिटर येवो, मलकापूरहून पहाटेची गाडी धरून आलेला वेल्डर येवो, टॉवेल पडलाच. शेठना हे माहीत होतं असं मला पुढे खात्रीनं वाटायला लागलं. पण तेही कधी तोंडानं बोलले नाहीत.

फक्त एकदा मामांची पंचाईत झाली. टायपिस्टच्या जागेसाठी वारणानगरहून एक मुलगी आली. परक्या मुलीचा हात धरायचा कसा? मामांनी खूप विचार केला. मग डब्यातले भाजलेले शेंगदाणे काढले, मोजून अकरा, ते तिच्यापुढे बाकड्यावर ठेवले आणि वर टॉवेल झाकला. "पोरी, मोजून बघ," म्हणाले आणि नेहमीसारखे धुराड्याकडे वळले. ती बिचारी सकाळपासून उपाशी. तिनं टॉवेल उचलला, दोन दाणे तोंडात टाकले आणि मग मोजले. आत जाऊन नऊशे सांगून बसली. शेठनी एका दमात होकार दिला.

"दोनशे रुपयं खाल्लंस की गं!" मामा कळवळून म्हणाले. नंतर ती मुलगी आमच्याकडे चार वर्षं होती. कॅन्टीनमध्ये कुणी शेंगदाण्याची चटणी वाढली की मामा तिच्याकडे बघून कपाळावर हात मारायचे, आणि ती हसून हसून लाल व्हायची.

दुसऱ्यांसाठी एवढा जीव टाकणारा हा माणूस स्वतःचा पगार कसा ठरवत असेल? दर दिवाळीला म्हातारे शेठ त्यांना केबिनमध्ये बोलवायचे आणि दार लोटून घ्यायचे. शेठही शेतकऱ्याच्याच घरातले, तरुणपणी मामांच्या वडलांच्या हातून बैलजोडी घेतलेले. पाच मिनिटांनी मामा टॉवेल खांद्यावर टाकत बाहेर यायचे. आत काय व्हायचं ते आम्हाला कळायचं, आणि किती ठरलं ते कधीच कळायचं नाही.

शेठ गेले. त्यांचा पुतण्या खुर्चीवर बसला. पहिल्या दिवाळीला त्यानं मामांना सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" मामा टॉवेल हातात धरून उभे राहिले. पुतण्या कागद चाळत होता. शेवटी मामा म्हणाले, "तुमच्या मनाला येईल ते द्या की."

पुतण्याच्या मनाला काही आलं नाही. त्या दिवाळीला नाही आणि नंतरच्याही दिवाळ्यांना नाही.

मी चिडायचो. "आम्हाला शिकवता आणि स्वतः गप्प बसता? तोंड उघडा की, मामा!"

"दुसऱ्याचं सांगाय सोपं असतंय, भाच्या," ते म्हणायचे. "आपला आकडा तोंडाला येतच न्हाय. घशातच बसतोय."

पुढे मी ती फाउंड्री सोडली. एमआयडीसीतच एका मोठ्या कारखान्यात मला बोलावणं आलं. जाताना मामांनी शेवटचा धडा दिला. "तिथला आकडा मला ठावं न्हाय. पर एक कर. त्येंनी पैला आकडा सांगिटला की गप ऱ्हा. मनात पाच मोज. लई जड जातंय, पर मोज." मी मोजले. चारवर समोरच्यानं आपला आकडा वाढवला. तिथून मी चढत चढत पर्सोनेल ऑफिसर झालो, दारावर नावाची पाटी लागली. मामांकडे जाणं कमी झालं. कामं होती, असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो.

दोन हजारनंतरच्या मंदीत शिरोलीतल्या बऱ्याच भट्ट्या विझल्या. मामांची फाउंड्रीही बंद पडली. एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. हातात शेंगांची पिशवी, खांद्यावर तोच टॉवेल. केस पांढरे झाले होते. माझ्या बायकोनं चहा केला, तो त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला.

"तुज्या कंपनीत टाइमकीपरची जागा निघालीया म्हणं. फारम भरलाय."

"बरं केलंत, मामा. मुलाखत माझ्यासमोरच आहे."

मग ते घरचं बोलले. धाकटी मुलगी गारगोटीला डी.एड. करत होती. एक वर्ष झालं होतं, एक राहिलं होतं. "येवढं वरीस निघालं की पोरगी मास्तरीण हुती. न्हाय निघालं तर घरी आणावी लागंल." आणि माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून त्यांनी टॉवेल माझ्या हातावर टाकला. आता एक बोट हजाराचं झालं होतं. दोन बोटं धरली. मग पंजा, तो पाचशेचाच. अडीच हजार. स्वतःचा आकडा मामांनी मला सांगितला तो तेवढा एकदाच. माझा हात त्यांनी लगेच सोडला नाही.

मी म्हणालो, "मी आहे की तिथं, मामा. काळजी करू नका."

माझ्या या वाक्यावर विश्वास ठेवून ते जिना उतरून गेले.

त्या जागेसाठी तीन हजारांपर्यंत जायचं, असं टिपण मीच तयार करून मालकांच्या मुलाला दिलं होतं. म्हणजे मामांचा आकडा त्यात सहज बसत होता. फक्त एक अडचण होती. आदल्या महिन्यात मालकांच्या मुलानं आम्हा सगळ्यांना बजावलं होतं की ओळखीची माणसं भरायची नाहीत. माझ्या बढतीचा कागद त्याच्याच टेबलावर पडून होता.

मुलाखतीला आम्ही तिघं होतो. मधे मालकांचा मुलगा, एका बाजूला वर्क्स मॅनेजर, दुसऱ्या बाजूला मी. मामा आत आले, काचेच्या टेबलासमोर खुर्चीच्या कडेवर बसले. माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. मी फॉर्म वाचायला लागलो. फॉर्मवर सगळं भरलेलं होतं, फक्त ‘अपेक्षित पगार’ या रकान्यात काही नव्हतं.

कामाचे प्रश्न झाले. मामांनी चोख उत्तरं दिली. मग मालकांच्या मुलानं विचारलं, "काका, पगाराची काय अपेक्षा आहे?"

"सांगतो की," मामा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकायचा तो झटकला नाही, आपल्या उजव्या हातावर पांघरला आणि तो हात टेबलावरून मालकांच्या मुलापुढे धरला.

त्यानं खुर्ची मागे सरकवली. "हे काय? काय आहे त्यात?"

वर्क्स मॅनेजर हसला. मामांचा हात तसाच राहिला. मग तो हात टॉवेलासकट सावकाश माझ्याकडे वळला. काचेवरून तो सरकताना मी बघत होतो. हातभराचं अंतर होतं. मी हात आत घातला असता, दोन बोटं आणि पंजा लागला असता, आणि मी मान वर करून म्हणालो असतो, "अडीच हजार म्हणतायत, साहेब. आपल्या टिपणात बसतंय." एवढंच करायचं होतं.

माझ्या हातात पेन होतं. मी ते घट्ट धरलं आणि म्हणालो, "आकडा तोंडानं सांगा, काका."

मी त्यांना काका म्हणालो.

मामांनी टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि खांद्यावर ठेवला. "तुमच्या मनाला येईल ते द्या की," ते म्हणाले.

मालकांच्या मुलानं माझ्या टिपणाकडे बघितलं, मग समोरच्या म्हाताऱ्याकडे. "सतराशे?"

मामा गप्प बसले. ते पाच मोजत असावेत असं मला वाटलं. पण पाचाच्या पुढे गेल्यावरही कुणी काही बोललं नाही, आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली. जाताना दारात थांबून म्हणाले, "येतो, साहेब." ते मला म्हणाले. दार बंद झाल्यावर वर्क्स मॅनेजर म्हणाला, "जादूचे प्रयोग करतोय का काय म्हातारा!" आणि सगळे हसले. मीही हसलो. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नव्हता.

एक तारखेला ते कामावर आले. त्याच आठवड्यात त्यांचा अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. रजेचं कारण: गारगोटीहून मुलीची ट्रंक आणणे. मी सही केली. माझी बढतीही त्याच महिन्यात झाली.

आमच्याही गेटजवळ बाकडं होतं. मुलाखतीला आलेली माणसं तिथं बसायची. मामा त्यांना पाणी द्यायचे, पंखा लावायचे, आत कुठून जायचं ते सांगायचे. टॉवेल मात्र खांद्यावरून कधी उतरला नाही. घाम पुसायला उतरायचा, तेवढाच.

एकदा मी धीर करून त्यांच्या खिडकीशी गेलो. "मामा, त्या दिवशी मी..."

"ट्रक आलाय, साहेब. गेट उघडून येतो," म्हणाले आणि उठले. ट्रक खरंच आला होता. पण परत आल्यावर त्यांनी मला बोलायला जागा दिली नाही, आणि मीही ती मागितली नाही. वर्षअखेरीला मी खटपट करून त्यांना दोनशे रुपये वाढवून दिले. त्यांनी कागद कपाळाला लावला. "उपकार झालं, साहेब." भाच्या म्हणून त्यांनी मला पुन्हा कधीच हाक मारली नाही. तीन वर्षं मी रोज त्या गेटातून आत जात होतो, आणि रोज वाट बघत होतो.

एका उन्हाळ्यात त्यांचं कार्ड सकाळी घड्याळात गेलं नाही. दुपारी निरोप आला. झोपेतच गेले होते. रक्षाविसर्जनाला मी गेलो, मागे उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परत आलो.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही अकाउंट्ससाठी माणूस शोधत होतो. तोपर्यंत अशा मुलाखती मी एकटाच घ्यायला लागलो होतो. एका फॉर्मवरचं वडलांचं नाव वाचलं आणि माझा हात थांबला. मुलगी आत आली. पंचविशीची असेल. कपाळ आणि डोळे मामांचे. डी.एड. अर्धवट सोडलेलं, मग साड्यांच्या दुकानात काम करत बाहेरून बी.कॉम. केलेलं. ‘अपेक्षित पगार’ हा रकाना ठळक अक्षरांत भरलेला होता.

मी विचारायचं म्हणून विचारलं, "अपेक्षा काय आहे?"

"सात हजार," ती म्हणाली. आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला असेल.

वर्षानुवर्षांची सवय वाईट असते. माझ्या तोंडून निघून गेलं, "सहा जमतील?"

ती गप्प राहिली. खिडकीबाहेर बघत राहिली. ती काय करतेय ते मला ठाऊक होतं. मीही तिच्याबरोबर मनात मोजत होतो. चारवर मी म्हणालो, "ठीक आहे. सात."

"वडलांनी शिकवलं का हे?" मी विचारलं.

"व्हय." ती पहिल्यांदा हसली. "त्येंनीच सांगिटलंतं, तू आपली तोंडानं सांग. मोठ्यानं सांग. टॉवेलाखाली हात घालणारी माणसं आता ऱ्हायली न्हाईत." मग म्हणाली, "ते हितंच हुते कामाला, गेटवर. हितं त्येंचा कोणतरी भाचा हुता. नाव कधी सांगिटलं न्हाय त्येंनी. मुलाखत देऊन आले त्या दिवशी आई लई भांडलती. म्हणाली, तुमचा भाचा बसलावता न्हवं तिथं? त्येनं काय केलं? तर आबा म्हणाले, ‘त्येला बोल लावू नगंस. त्येचा हात मोकळा न्हवता. हातात पेन हुतं.’"

मी माझ्या हाताकडे बघितलं, आजही त्यात पेनच होतं.

"ते अजून हायत का हो हितं?" तिनं विचारलं.

"मीच तो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पेन टेबलावर ठेवलं आणि उजवा हात तिथंच काचेवर उघडा राहू दिला, बराच वेळ.